टाचदुखी आणि मापाचे इनसोल: खुलासा

‘टाचदुखी कायमची घालवायची तर पायाचा साचा घेऊन बनवलेले इनसोलच (बुटाच्या आत घालायच्या गाद्या) हवेत, दुकानातले तयार इनसोल बिनकामाचे’ असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही.

ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मापाचे, तयार आणि फक्त तुलनेसाठी दिलेले पातळ फोमचे नाममात्र इनसोल यांची तुलना झाली. ३ महिन्यांनी पहिल्या दोन्हींनी चालणं-फिरणं थोडं सुधारलं, तेही जवळपास सारखंच. १२ महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही.

म्हणजे इनसोल थोतांड नव्हेत. पण हजारो रुपये मोजण्याआधी (विकणारा घाई करणारच) तयार जोड वापरून पाहावी. पोटरी-तळव्याचे ताणाचे व्यायाम चुकवू नयेत. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावं.