रिकाम्या पुंगळीची दहशत

अहो, त्यात तोफेची दारू नाही! किती वेळा सांगायचं? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश १८ पौंडी तोफेची रिकामी पितळी पुंगळी आहे ती. बुडावर १९१६ ठोकलेलं, दारू पेटवणारी मधली टोपी काढलेली, तिथे आरपार भोक, अंगावर कुण्या शिपायानं ठोकून काढलेली पानंफुलं. पण इंग्लंडातून कॅनडातल्या मित्राला पाठवायची म्हटलं की काउंटरवरच्या बाईंचा चेहरा असा होतो, जणू मी वात पेटवूनच आलोय.

टपालाचं तर नावच नको. जागतिक टपाल संघाच्या करारातच निकामी तोफगोळे, हातबॉम्ब, अगदी त्यांच्या नकलासुद्धा बंद. बरं, ते एक वेळ पटतं. एक्स-रेत खरं-खोटं काय कळणार? मग खासगी कुरिअर. एक म्हणतो प्रमाणपत्र आणा, दुसरा म्हणतो आम्ही घेतच नाही, तिसरा घेतो आणि आठवड्यानं परत पाठवतो, भाडं मात्र गिळून! प्रमाणपत्र द्यायचं कुणी, ते कुणालाच माहीत नाही. आणि 'फॉर्मवर फुलदाणी लिहा की' म्हणणारे शहाणे वेगळेच. कस्टममध्ये अडकलं तर तुम्ही येणार का सोडवायला?