फोटो जोडा, बाकी शिकवणं नंतर बघू

भाषा शिक्षकांच्या बैठकीवरून डोकं तापवून आलेय. विषय होता 'वर्गातील नवे उपक्रम आणि अडचणींची देवाणघेवाण'. देवाणघेवाण कसली डोंबलाची! समई, गुलाबपुष्प, मग पाहुण्यांचं भाषण. निपुण भारत हे केंद्राचं अभियान 2021 मध्ये आलं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. अहो, पाठ आहे आम्हाला! पहिली ते चौथी एका खोलीत आणि शिकवायला एकटी बाई, तिने तिसरीला वाचायला बसवलं की पहिलीचं काय करायचं तेवढं सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत 60 पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक लिहिलेत. आमच्या गोव्यात सत्तरी, सांगे तालुक्यांतल्या एकशिक्षकी शाळांना कुणी ते वाचून दाखवावं. शिक्षकांना जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला लावता येतं ते कलम 27 तेवढं सगळ्यांना तोंडपाठ!

पेडण्याच्या एका बाईंनी खरंच छान सांगितलं. मुलांनी आजीकडून फुगडीची गाणी शिकून यायची. बाई ती फळ्यावर लिहितात आणि मुलं एकेका शब्दावर बोट ठेवत म्हणतात. गाणं आधीच तोंडात असतं, त्यामुळे धड्यापुढे मुकी बसणारी पोरंसुद्धा ओळ पकडतात. मी वहीत उतरवून घेत होते, तेवढ्यात समोरून प्रश्न आला, "ही कितव्या क्रमांकाची अध्ययन निष्पत्ती? जिओटॅग केलेले फोटो आहेत?" म्हणजे मुलाला काय यायला हवं त्या यादीतला कितवा मुद्दा, आणि जागेची नोंद असलेले फोटो कुठेत. झालं. बाई खाली बसल्या.

मग मी विचारलं, इथल्या मुलांच्या घरात कोंकणी, बांधकामावरच्या कुटुंबांतल्या मुलांच्या घरात कन्नड नाहीतर लमाणी, आणि पुस्तक तर धरूनच चालतं की मूल मराठी बोलतच शाळेत आलंय. सुरुवात कुठून करू? उत्तर राहिलं बाजूला, दोन मास्तरांची कोंकणी की मराठी यावर जुंपली. 1987 च्या राजभाषा कायद्यापासूनचं सगळं उगाळून झालं. बाबांनो, त्या वादात ती कन्नड बोलणारी पोर कुठे बसते? ती तर माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलीय, आणि पहिले दोन महिने तिने तोंड उघडलेलं नाही. तिच्याशी कसं बोलायचं, याला अख्ख्या बैठकीत पाच मिनिटं मिळाली नाहीत. पाहुण्यांच्या सत्काराला मात्र वेळच वेळ!

निघताना फर्मान निघालं: प्रत्येकाने एक 'नावीन्यपूर्ण उपक्रम' सोमवारपर्यंत पाठवावा, पाच फोटो, पीडीएफ दोन एमबीच्या आत. आमच्या शाळेत रेंज नाही. म्हणजे मुलांना मध्यान्ह आहाराची पाव-भाजी वाटून झाली की मी फोन घेऊन वरच्या नाक्यापर्यंत चालत जायचं. तोवर चार इयत्ता कुणी सांभाळायच्या, ते काही फर्मानात नव्हतं.