वकील भांडायला की मिटवायला?

विषय निघाला मंद्याच्या मावसभावावरून. नवरा-बायको दोघंही वेगळं व्हायला राजी, तरी वकिलांनी म्हणे लांबण लावलंय.

"वकील हवाच कशाला?" मंद्या तापलेला. "1984च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच आहे, कलम 13. वकील हा हक्क नाही. समुपदेशकासमोर बसा, मिटवा, सुटा."

"कोर्टाची परवानगी घेऊन वकील देता येतो आणि परवानगी बहुतेकदा मिळते," शुभदा म्हणाली. ती वकील आहे, पण जमिनीच्या दाव्यांची. म्हणून आम्ही तिला तटस्थ धरतो. मंद्या धरत नाही.

"आणि सहा महिने थांबायला लावतात, त्याचं काय?" मंद्याने विचारलं.

"ते कायद्यातले रे. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग संमतीचा अर्ज, मग सहा महिने. 2017 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते माफ होऊ शकतात. पण पोटगी, मुलांचा ताबा, सगळं खरोखर मिटलेलं हवं. ते मिटवून कागदावर आणणं, हेच तर वकिलाचं काम."

"दोन ओळींचा कागद!"

इथे शुभदा सरसावली. "'मुलगी रविवारी बाबांकडे' असं लिहिलंस. किती वाजता? आणायला कोण जाणार? दिवाळीची सुट्टी कोणाकडे, मे महिना कसा वाटायचा? शाळेची फी वाढली तर? आणि फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर. घटस्फोट झाला म्हणून बँक कोणाचं नाव काढत नाही, त्यासाठी बँकेचीच मान्यता लागते. हप्ता चुकला तर नोटीस दोघांना."

मंद्या गप्प. त्याचा स्वतःचा फ्लॅट जोडीनेच घेतलेला आहे, हे इथे सांगायला हवं.

"पगार कमी दाखवायला शिकवतात त्यांचं काय?" सुन्याने काडी टाकली.

"सुप्रीम कोर्टाच्या 2020च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार बँकेत जमा होतो, लपवणार कुठे? असा सल्ला देणाऱ्याकडून फाइल उचलायची."

माझं मत विचारलं नव्हतं, तरी दिलं. पहिल्याच भेटीत 'तुम्हाला नेमकं काय हवंय' हे न विचारता 'चार केसेस टाकू' म्हणणारा वकील नको. मारहाण होत असेल तर मात्र उलटं; तिथे 'जरा सांभाळून घ्या' म्हणणारा नको.

"पण दर तारखेला पैसे घेतात," मंद्या पुन्हा उसळला, "मग तारखा का संपवतील?"

यावर शुभदाने वाद घातला नाही. "पूर्ण कामाची फी आधीच ठरवून लिहून घे. पोटगीतला टक्का कोणी मागितला, तर ते बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बसत नाही. आणि वहिनींना सांग, बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो."

"आणि भावाला?"

"त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. तो आयटीत ना? मग भरेल."