‘आयुष्यभराचा’ इम्प्लांट आणि दर सहा महिन्यांची तपासणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इम्प्लांटनंतरच्या काळजीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सरांच्या घरच्या काकूंच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसणारे टायटॅनियमचे स्क्रू, बसवून दोन महिने झालेत, त्यांच्यावर बसणाऱ्या दातांच्या कॅप अजून बसायच्या आहेत. सरांचे आक्षेप असे : टायटॅनियमला कीड लागत नाही, मग एवढी घासाघीस कशाला? आयुष्यभराचा म्हणून घसघशीत पैसे मोजल्यावर दर सहा महिन्यांनी बोलावणं हा डॉक्टरांचा धंदा. आणि आमच्या आयांनी मीठ-पाणी नि मिश्रीवर जन्म काढला, त्यांना नावं ठेवू नका.

कीड लागत नाही, हे अगदी बरोबर. पण इम्प्लांट हातचा जातो तो बहुतेकदा भोवतालचं हाड झिजल्यामुळे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू शिरलेले असतात. इम्प्लांटभोवती हे तंतू धातूच्या कडेकडेने जातात, आत शिरत नाहीत, त्यामुळे हिरडी त्याला नुसती बिलगून असते. तिथे जंतूंचा थर साचत राहिला की सूज खाली हाडाकडे सरकायला वेळ लागत नाही.

हाडाची गोष्ट मात्र वेगळी. ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर काम करत होते. हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग काढायला गेले, तर तो निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या गृहस्थांना २००६ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं पुरले. तेव्हा ‘आयुष्यभर’ हा शब्द थाप नाही. फक्त तो बिलासोबत मिळणारी हमी म्हणून ऐकवला जातो, तेव्हा मला राग येतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा : ‘दुखलं की जाऊच ना डॉक्टरकडे.’ सर, घोडं इथेच पेंड खातं. दाताला नस असते, ती ठणकते. इम्प्लांटला नस नाही. माझ्याकडे पेशंट येतात ते ‘तोंडाला जरा वास येतो’ एवढंच सांगत. मी कॅपच्या खालची हिरडी बोटाने हलकेच दाबते आणि कडेने पिवळसर पुवाचा थेंब वर येतो. खुर्चीतल्या माणसाला पत्ताही नसतो. एक्स-रे काढावा तर स्क्रूच्या वरच्या आट्यांभोवती हाड वाटीसारखं खोलगट झालेलं. सूज हिरडीपुरती असेल तर नीट साफ करून ती बहुतेकदा बरी होते. हाड गेलं की ते आपोआप भरून येत नाही, मग हिरडी उघडून साफ करावं लागतं, आणि तरीही खात्री देता येत नाही. ही सीमा ओलांडण्याआधी गाठायचं, म्हणून सहा महिने. मधुमेह असेल किंवा आधीचे दात हिरडीच्या आजाराने गेले असतील, तर मी तीन-चार महिन्यांनीच बोलावते.

धंदा म्हणालात, तर माझ्याकडेच या असा आग्रह नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तपासणी तिथे करून घ्या. हिरडीची खोली मोजतात का, रक्त येतं का ते बघतात का, कॅपचा स्क्रू सैल झालाय का ते तपासतात का, एवढं पाहा. नुसतं ‘आ करा, छान आहे’ म्हणून पैसे घेणारा असेल तर तुमचा शब्द त्याला खुशाल लावा.

मीठ-पाण्याला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. पहिल्या दिवशी खळखळून चुळा भरू नका आणि जोरात थुंकू नका एवढंच लिहिलंय, कारण त्याने जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी सुटते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठ-पाणी उत्तम. उलट क्लोरहेक्सिडिनचं औषधी माउथवॉश दोन आठवड्यांपलीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बिघडते.

मिश्रीवर मात्र माघार नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बायका ठामपणे ‘नाही हो’ म्हणतात, आणि निघताना पैसे काढायला कनवटीची पिशवी उघडली की आत मिश्रीची डबी. त्यांच्या लेखी ते दात घासणं. पण मिश्री म्हणजे तव्यावर काळीभोर भाजून कुटलेली तंबाखूच, आणि ती बोटाने थेट हिरडीवर चोळली जाते. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात, जखमेला मिळणारं रक्त कमी होतं, आणि हाड धरण्याच्या दिवसांत नेमकं तेच लागतं. ‘सकाळी एकदाच लावते’ हे काकूंचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. त्या एकदाचंही नको. सवय मोडताना त्रास होतो, चिडचिड होते, तेव्हा घरच्यांनी टोमणे मारू नयेत, हेही तुम्हालाच सांगते.

काकूंचा आत्ताचा काळ फसवा आहे. दुखत नाही, टाके निघालेत, म्हणून सगळं झाल्यासारखं वाटतं. हाड पक्कं व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. त्या बाजूने शेंगदाणे, चकली, सुपारी अजून नको. तात्पुरती कवळी वापरत असतील तर ती इम्प्लांटवर दाबत नाही ना, हे दाखवून घ्या. झोपताना काढून ठेवायची. हिरडीतून डोकावणारं ते चकचकीत बटण असतं ना, त्याला भीतीने कोणी हात लावत नाही आणि भोवती पांढरा थर धरतो. मऊ ब्रशने ते रोज दोन वेळा घासायचंच. ते हलायला लागलं तर घरी पिळून बसवू नका, त्याच दिवशी फोन करा. कॅप बसल्यावर दोन दातांमधला बारीक ब्रश लागेल, त्याची मधली तार प्लॅस्टिकने मढवलेली बघून घ्या. तालुक्याच्या गावी तो मिळत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. शहरातून येताना चार-पाच एकदम आणून ठेवा.

पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्याला कायमचं जाणार म्हणता, तर निघण्याआधी डॉक्टरांकडून इम्प्लांटचं स्टिकर किंवा कार्ड आणि पहिला एक्स-रे मागून घ्या. स्टिकरवर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. स्क्रू उघडायची चावी कंपनीगणिक वेगळी असते, आणि कंपनीच माहीत नसली की नवा डॉक्टर साधी सैल झालेली कॅपसुद्धा चटकन घट्ट करू शकत नाही. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी ‘काय करायचंय तुम्हाला ते’ असं विचारलं, तर हक्काने सांगा की आमच्या तोंडात आहे ते.