अर्जावरचे 'वजन' म्हणजे नेमके कोणते वजन?

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या नोंदणीच्या अर्जावर 'वजन' असा एकच रकाना छापायचा आणि त्यात कोणते वजन लिहायचे हे अर्जदाराने ओळखावे अशी अपेक्षा ठेवायची, या कारभाराचा मला विलक्षण संताप आला आहे. गेल्या महिन्यात एक जुना पिकअप घेतला आणि त्या एका रकान्यापायी तीन वेळा रांगेत उभा राहिलो. पहिल्यांदा रिकाम्या गाडीचे वजन लिहिले, तर 'ग्रॉस (मालासकट एकूण वजन) लिहा' असे सांगून अर्ज परत केला. दुसऱ्यांदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे उत्पादकाने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा, लिहून नेला, तर दुसऱ्या खिडकीवर वजनकाट्याची पावती मागण्यात आली. ती घेऊन गेलो, तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

हे शब्द समजायला अवघड आहेत असे मुळीच नाही. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे गाडी, इंधन, माणसे आणि माल मिळून गाडीने जास्तीत जास्त किती भार पेलावा याचा उत्पादकाने ठरवलेला आकडा. गाडी भरलेली असो वा रिकामी, तो बदलत नाही. कर्ब वेट म्हणजे इंधन आणि तेल-पाणी भरलेल्या, पण माणसे आणि माल नसलेल्या गाडीचे वजन. या दोहोंतील फरक हा पेलोड, आणि ट्रेलर जोडला की गाडी आणि ट्रेलर यांची मिळून मर्यादा सांगणारा जीसीडब्ल्यूआर. एवढे चार ओळींत अर्जाच्या पाठीमागे छापता आले असते!

त्यात भर 'हाफ टन' या भाषेची. फोर्डचा एफ-१५० किंवा १५०० क्रमांकाचे पिकअप हाफ टन, २५०० चे थ्री-क्वार्टर टन, ३५०० चे वन टन, असे विक्रेता सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो. ही नावे कोण्या काळी पेलोडवरून पडली. आजचा बहुतेक हाफ टन ट्रक १,००० पौंडांहून (म्हणजे अर्ध्या अमेरिकी टनाहून) कितीतरी अधिक माल वाहतो. संघीय वर्गवारी मात्र जीव्हीडब्ल्यूआरवर चालते: ६,००० पौंडांपर्यंत पहिला वर्ग, १०,००० पर्यंत दुसरा, १४,००० पर्यंत तिसरा. विक्रेत्याच्या तोंडचा 'टन' या वर्गवारीत कुठेच नाही, तरीही खिडकीवर मला 'हाफ टन आहे का?' असेच विचारण्यात आले.

राज्य बदलले की हिशेबही बदलतो. टेक्सासमध्ये रिकामे वजन आणि वाहनक्षमता यांची बेरीज पाहतात. इलिनॉयमध्ये ८,००० पौंडांपर्यंत 'बी' नंबरपाटी मिळते आणि त्यापुढे १२,००० पर्यंत 'डी'. कॅलिफोर्नियात तर घरगुती वापराच्या पिकअपलाही सर्वसाधारणपणे व्यावसायिक पाटी लागते. गाडी तीच, चालवणाराही तोच, पण राज्याची सीमा ओलांडून बिऱ्हाड हलवले की सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकायचे.

मला सर्वाधिक चीड येते ती १०,००१ पौंडांच्या मर्यादेची, कारण तिथे चूक झाली तर तिची किंमत खरोखर मोजावी लागते. धंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे वाहन या आकड्याला पोहोचले की संघीय व्यावसायिक नियम लागू होतात, आणि ट्रेलर जोडलेला असेल तर त्याचाही भार धरला जातो. आपला साधा पिकअप घेऊन कामावर निघालेल्या छोट्या कंत्राटदाराने मागे ट्रेलर जोडला, तर तो नकळत ही रेषा ओलांडू शकतो, आणि नोंदणीच्या वेळी हे त्याला कोणी सांगत नाही. उत्पादकांना मात्र ही रेषा चांगली ठाऊक आहे. म्हणून तर काही जड पिकअप मुद्दाम १०,००० पौंडांचेच मानांकन लावूनही विकले जातात.

तिसऱ्या खेपेला कर्मचाऱ्याने संगणकात स्वतःच एक आकडा भरला. तो कुठून आला असे विचारल्यावर 'सिस्टीम हाच घेते' एवढेच उत्तर मिळाले. आज माझ्या नोंदणीपत्रावर असलेला तो आकडा दारावरच्या स्टिकरवर नाही, वजनकाट्याच्या पावतीवरही नाही, आणि उद्या रस्त्यात पोलिसाने थांबवून विचारले तर त्याला काय सांगायचे, हे मला अजून कोणीही सांगितलेले नाही.