रसिक दिसण्याची पूर्वतयारी

पहिली गोष्ट, एखादं पुस्तक किंवा पिक्चर मजा आली म्हणून आवडला असं चारचौघांत कधीही बोलू नका. मजा काय शेंबड्या पोरालाही येते. आपल्या नाशकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कोणी विचारलं की सध्या काय वाचताय, काय बघताय, तर आधी थोडं गप्प राहायचं, आभाळाकडे बघायचं आणि मग म्हणायचं, "सध्या जरा वेगळं चाललंय." बहुतेक लोक एवढ्यावरच गार पडतात. उरलेल्या चिवट लोकांसाठी पुढची तयारी.

पुस्तकांसाठी आधी सावानाचं सभासद होऊन टाका, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय. संस्था १८४० ची आहे, एवढी मोठी परंपरा एका कार्डात खिशात येते आणि वर पुस्तक वाचलंच पाहिजे अशी सक्ती कोणी करत नाही. घेताना जाड घ्या, अनुवादित असलं तर सोन्याहून पिवळं, कारण नाही कळलं तर अनुवाद फसलाय म्हणता येतं. मागचं कव्हर वाचा, प्रस्तावनेचं पहिलं पान वाचा, मधूनच कुठलंतरी पान उघडून एखाद्या पात्राचं अवघड नाव पाठ करा, झालं काम.

फक्त तिथे कपाटांपाशी जास्त रेंगाळू नका, सांगून ठेवतो. लायब्ररी कुठलीही असो, तिथे काही आज्या असतात, पिशवीत चष्म्याचं घर आणि परत करायच्या कादंबऱ्या, त्या पुस्तक घेण्याआधी आपलं ठरलेलं पान उघडतात आणि कोपऱ्यात पेन्सिलीची खूण दिसते का बघतात, कोणाचं फूल, कोणाची फुली, कोणाचा नुसता 'सु'. खूण असली म्हणजे हे वाचून झालंय. मी आणलेल्या एका जुन्या रहस्यकथेत तर एकाच पानावर खुणांचं संमेलन भरलेलं, आणि त्यातल्या एका फुलाला तीन पाकळ्या वेगवेगळ्या पेन्सिलींनी काढलेल्या, म्हणजे खुनी कोण ते माहीत असून बाईंनी ते पुस्तक पुन्हा पुन्हा नेलंय! असल्या लोकांच्या संगतीत राहिलात तर तुम्हालाही शेवटपर्यंत वाचायची सवय लागेल, मग मतं मांडायला वेळ कुठून काढणार?

कवितेचं सोपं आहे, ती वर्षातून एकदाच लागते, २७ फेब्रुवारीला. कुसुमाग्रज आपल्या गावचे, टिळकवाडीत राहायचे, १९८७ चं ज्ञानपीठ, एवढं बोललं की शाळेत पाठ केलेल्या दोन ओळी स्टेटसला टाकायच्या. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप उडतं, मराठी भाषेची याहून मोठी सोय अजून कोणी केलेली नाही.

आता पिक्चर. इथे नाशिककराला जन्मतःच सूट आहे कारण फाळके आपले. पुण्या-मुंबईचा माणूस कुठल्यातरी कोरियन सिरीजवर अर्धा तास बोलत असला की मधेच म्हणायचं, "ते सगळं ठीक आहे भो, पण दादासाहेब १८७० साली आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मले." त्यावर समोरचा काय बोलणार? त्यातूनही बोललाच तर 'लंका दहन' काढा. १९१७ चा पिक्चर, त्यात अण्णा साळुंके या एकाच माणसाने राम पण केला आणि सीता पण, बायका कामाला मिळत नव्हत्या ना तेव्हा. मला स्वतःला मतं देण्यासाठी हा पिक्चर आदर्श वाटतो, कारण आज त्याचे थोडेसेच तुकडे शिल्लक आहेत, म्हणजे तुम्ही पूर्ण बघितला नाही हे जगात कोणीही सिद्ध करू शकत नाही. बाकी नवीन पिक्चर दीडपट स्पीडने बघा, गाणी आली की दहा-दहा सेकंद पुढे ढकला, आणि नंतर सांगा की दिग्दर्शकाला पॉज घेता येत नाही.

गेमचं मात्र तोंडातून काढू नका. बाथरूममध्ये कमोडवर बसून गोट्या-गोट्या जुळवण्यात तुमचा अर्धा पाऊण तास जातो, बाहेरून पोरगं दार वाजवतंय, पाय बधिर झालेत तरी लेव्हल सोडवत नाही, हे घरातल्यांनाच माहीत असलेलं बरं. बाहेर बुद्धिबळ सांगा. विदित गुजराथी नाशिकचा आहे, २०२४ ला टोरंटोच्या कॅंडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, त्याने अमेरिकेच्या नाकामुराला एकदा नाही दोनदा हरवलं, आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं गोल्ड आणणाऱ्या टीममध्ये तो होता. "मी तर रात्रभर जागून बघत होतो" म्हणा. घोडा अडीच घरं जातो एवढं येत असलं तरी भागतं, कारण विचारणाऱ्यालाही तेवढंच येत असतं.

खेळांचं कॅलेंडर पाळा. क्रिकेट बारा महिने, बाकीचे खेळ चार वर्षांतून दोन आठवडे. गोल्फ क्लब ग्राऊंडवर रणजी मॅच असली तर जरूर जा, सेल्फी काढा, बॅटिंग कोण करतंय याच्या भानगडीत न पडता मिसळ खायला निघा. दत्तू भोकनळ ऑलिम्पिकच्या सुमारास आठवायचा. चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा पोरगा, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तो सैन्यात जाऊन वल्हवायला शिकतो आणि २०१६ ला रिओत सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने बोट वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा येतो, २०१८ च्या एशियाडला चौघांच्या बोटीत गोल्ड काढतो. तेरावा म्हटल्यावर आपण जरा नाक मुरडायचं, "मेडल थोडक्यात गेलं" म्हणायचं. आपण स्वतः गंगापूर धरणावर फक्त भजी खायला जातो हे सांगायची गरज नाही. तसंच कविता राऊतचं. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव माहीत असलं की पुरे, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये तिने १०,००० मीटरला ब्राँझ जिंकलं तेव्हा ती पंचवीस चकरा पळाली होती, आणि आपण कृषीनगरला दुसऱ्या चकरीत बाकडं शोधतो. त्यामुळे पळण्याच्या टेक्निकवर बोलायचं ते बाकड्यावर बसूनच.

एकच माणूस धोक्याचा, ज्याने ते पुस्तक खरंच वाचलेलं असतं. तो ओळखायला सोपा आहे. वाद घालत नाही, लेखकाचं मोठेपण सांगत नाही, नुसता डोळे मोठे करून विचारतो, "ती म्हातारी कोंबडी विकायला निघते तिथपर्यंत आलात का?" आणि उत्तराची वाट बघत हसत उभा राहतो. अशा वेळी घाबरायचं नाही. सरळ विषय आपल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकवर न्यायचा, २०२७ चा सिंहस्थ उरकेपर्यंत तरी तो पुरतो.