दोन इंच जागेसाठी माणसाला किती फिरवायचं?

मागून मागून मी मागतोय काय? दोन इंच. जुन्या ट्रकची ड्रायव्हर सीट दोन इंच मागे घ्यायची आहे, बस्स. तेवढ्यासाठी अख्खं नागपूर पालथं घालायची वेळ आणली या लोकांनी. वरून जो तो मलाच शिकवतो, "भाऊ, इतके वर्ष चालवलीच ना? आता काय झालं?"

काय झालं ते माझ्या गुडघ्याला विचारा. मी सहा फुटांच्या वर आहे. गाडी २००८ची, सहाचाकी, इंजिन अजून ठणठणीत. पण सीट तिच्या रेलवर, म्हणजे ज्या पट्ट्यांवर ती पुढेमागे सरकते त्यांवर, शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलली तरी क्लचला पाय उचलला की डावा गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर आदळतो. काटोलहून संत्री भरून निघालं की रस्त्यावर एक वेळ निभतं. खरा छळ शहरात शिरल्यावर. फर्स्ट, सेकंड, परत फर्स्ट, क्लच, ब्रेक, क्लच. कळमना मार्केटच्या गेटबाहेरची रांग सरकेपर्यंत पाय बधिर झालेला असतो. उन्हाळ्यात बाहेर ४५ डिग्री, खाली तापलेलं इंजिन आणि त्यात हे. सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? सीटच्या मागे जागा आहे! केबिनच्या पत्र्यापर्यंत चांगली वीतभर. तिथे जॅक, दोर आणि पाण्याची कॅन ऐसपैस राहतात आणि माणूस पुढे दुमडून बसतो.

काम तसं अवघड नाही. सीटची रेल चार बोल्टांवर बसते. रेल आणि फ्लोअरच्या मध्ये लोखंडी पट्टी घालायची, तिला जुन्या भोकाशी जुळणारं एक भोक आणि दोन इंच मागे दुसरं. झाली सीट मागे. पण पट्टी ६ मिमीची हवी, कारण तिचं मागचं टोक आता आधाराच्या बाहेर लोंबतं. ३ मिमीच्या पट्टीपेक्षा ६ मिमीची वाकायला आठपट कडक असते. पट्टी फ्लोअरला धरणाऱ्या खालच्या बोल्टाचं डोकं पट्टीत बुडालेलं हवं, नाहीतर रेल त्याच्यावर चढते, सीट उंच होते आणि मांडी स्टिअरिंगला लागते. एवढंच.

वाडीच्या बाजूला एका स्पेअरच्या दुकानात "सीट मागे करायचा सेट" म्हणून जे काढून दाखवलं ते पाहून माझं टाळकं सरकलं. पत्र्यासारखी पातळ पट्टी, हातानं जोर दिला तर लवते. भोकं गॅसनं जाळून पाडलेली, कडा तशाच. आणि बोल्ट! डोकं एकदम कोरं. ना ग्रेड, ना कंपनीची खूण. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ उठवलेलं असतं. त्यातल्या पहिल्या ८ चा अर्थ असा की तो ८०० न्यूटन दर चौरस मिलिमीटर एवढा ताण घेतो, मग तुटतो. साधा ४.६ चा ४०० लाच जातो. मी म्हटलं, ८.८ चे दे. तो म्हणतो, "सीटले काय लागते भाऊ, बसाचंच तर आहे. चालते हे."

चालते? अरे, माझ्या गाडीत बेल्टचं बक्कल सीटलाच आहे. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली बिनालाइटची उभी दिसली आणि मी ब्रेकवर उभा राहिलो, तर सीट आणि माझं वजन, दोन्हींचा झटका त्या चार बोल्टांवर येणार. सीट पुढे जाऊ पाहते, पुढचे दोन दाबले जातात आणि मागचे दोन वर उपटले जातात. ते दोन सुटले की सीट, बेल्ट आणि मी, सगळे मिळून स्टिअरिंगवर. मागे टनांनी माल आहे, तो वेगळाच. ८.८ चे चार बोल्ट दोन प्लेट तर्री पोह्याच्या पैशात येतात. तेवढेही ठेवायचे नाहीत दुकानात? लोकाचा जीव काय रस्त्यावर पडलाय?

मग वेल्डिंगवाला. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, टाका मारून देतो. रेल सरळ फ्लोअरला चिकटवायला निघाला होता. फ्लोअरचा पत्रा केवढा जाड, तो गंजून किती उरला, खाली कुठली वायर जाते, काही बघणं नाही. बॅटरीची वायर काढायच्या आधीच वेल्डिंगचा होल्डर हातात! मी होल्डर खाली ठेवायला लावला तर राग त्यालाच आला. आणि उद्या माझ्या जागी बुटका ड्रायव्हर बसला तर त्यानं काय करायचं, ग्राइंडर घेऊन फिरायचं?

शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी पट्ट्या बनवून दिल्या. स्वतः कॅलिपर लावून माप घेतलं, भोकं ड्रिलनं पाडली, कडा मारल्या. त्यांना मनापासून हात जोडतो. पण गाडी अजून उभीच आहे. कारण मागचा उजवा बोल्ट. त्याचा नट फ्लोअरच्या खाली बंद बॉक्समध्ये वेल्ड केलेला, गंजानं वेल्ड सुटलं, आता १७चा पाना फिरवला की नटही सोबत फिरतो. वरून बोल्ट निघत नाही, खालून पाना जात नाही. डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, काही उपयोग नाही. आता बोल्टाचं डोकं उडवा, खालून बॉक्स कापा, आतून जाड प्लेट लावा. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं हातानं एकदा तरी हा बोल्ट काढून पाहिला असता तर खाली दोन बोटांची खिडकी ठेवली असती.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. फार चांगलं झालं, कधीच व्हायला हवं होतं. पण रस्त्यावर जुन्या गाड्या काय कमी आहेत? त्या चालवणाऱ्यांना गुडघे नाहीत? टायर, हॉर्न, आरसा, झालर, रेडियमची पट्टी, सगळं मिळतं कोणत्याही दुकानात. ड्रायव्हरच्या अंगाशी संबंध असलेली वस्तू मागितली की "चालते".

नाही चालत. पट्ट्या ठेवा दुकानात. ६ मिमीच्या, भोकं मापात, सोबत ८.८ चे बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्यानं सैल न होणारे. पैसे हातात घेऊन काउंटरवर उभा होतो मी.